मंग आत कोन बसून आहे?

रिमोट सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी आलेलं असतं. एसएसएच करून सर्व्हरवर शिरायचं, दोन-चार कमांडा मारायच्या, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो किंवा चहा होतो. दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन कीबोर्डवर बोट ठेवावं तर स्क्रीन ढिम्म. अक्षर उमटत नाही. एन्टर मारा, कंट्रोल-सी मारा, दात-ओठ खाऊन पुन्हा एन्टर मारा. काही नाही. कर्सर तेवढा लुकलुकतोय, तोही आपल्याच लॅपटॉपच्या कृपेने. शेवटी वैतागून खिडकी बंद करायची, नवीन उघडायची, पुन्हा लॉगिन. नव्या खिडकीत सगळं कसं व्यवस्थित! मग सर्व्हरवर कोण कोण आहे हे बघायला सहज 'डब्ल्यू' कमांड मारावी, तर यादीत आपलं नाव दोनदा. एक आत्ताचे आपण आणि एक मघाचे आपण, जे कधीच निघून गेलोय पण सर्व्हरच्या हिशेबी अजून आतच बसलोय.

(कमांडा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा, नाहीतर मला शिव्या घालाल.)

बहुतेक लोक याला दोन वेगळी दुखणी समजतात. लाईन तुटली तर नेटवाल्याला बोल लावायचा आणि सर्व्हरवर भूत उरलं तर सिस्टिम अ‍ॅडमिनला. मीही बरीच वर्षं याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण हे एकच दुखणं आहे, फक्त दोन टोकांकडून वेगळं दिसतं. आणि एका टोकावर औषध लावलं की दुसऱ्या टोकाचं दुखणं वाढतं. ते कसं, ते सांगतो.

मी मूळचा आर्वीचा, वर्धा जिल्ह्यातला. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागायच्या चार दिवस आधी पुण्याहून घरी पोचलो, आणि तेव्हापासून वर्षातले तीन-चार महिने इथूनच काम करतो. पुण्याच्या ऑफिसात हा त्रास जवळजवळ नव्हताच. आर्वीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात टर्मिनल दिवसातून पाच-सहा वेळा गोठायला लागलं. घरच्यांचं निदान तयार होतं, "लाईन गेली असंन." पण लाईन गेलेली नसायची! शेजारच्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू, ऑफिसचा कॉल चालू, आईचा व्हॉट्सअ‍ॅप तर अखंड चालू. फक्त एसएसएच मेलेलं. आणि तेही मी भराभर काम करत असताना कधीच नाही. गप्प बसलं की मरायचं.

हे 'गप्प बसलं की' महत्त्वाचं आहे. म्हणून एक रविवार त्यातच घातला. (लॉकडाऊनमध्ये दुसरं होतं तरी काय?) सहा खिडक्या उघडून सगळ्यांतून त्याच सर्व्हरवर लॉगिन केलं आणि एकीला दोन मिनिटांनी हात लावला, दुसरीला चारने, तिसरीला सहाने, असं करत बारापर्यंत गेलो. दोन आणि चार मिनिटंवाल्या जिवंत, बाकी सगळ्या गार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे मध्ये कुणीतरी पाच मिनिटांच्या आसपास कात्री चालवत होतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करून बघितलं, तिथे आकडा थोडा वेगळा निघाला, पण कात्री होतीच.

ही कात्री कुणाची, हे समजायला सेवाग्रामचं टपाल उपयोगी पडतं. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पत्रं ढिगाने यायची, आणि त्यातली बरीचशी बुलडाण्याच्या शेगावला जाऊन पडायची. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं. दोन गावांचे पत्ते नुसते एकमेकांसारखे होते तर एवढे हाल! इंटरनेटवर तर आता शेकडो घरांना मिळून एकच पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे नेट देणारी कंपनी आपल्याला खासगी पत्ता देते आणि स्वतःच्या दारात एक मुनीम बसवते. तांत्रिक नाव कॅरियर ग्रेड नॅट, आपण मुनीमच म्हणू. तुमचं पाकीट बाहेर जाताना तो त्यावर सामाईक पत्ता टाकतो आणि वहीत लिहून ठेवतो, 'अमुक नंबरचं उत्तर आलं तर ते आर्वीच्या या घरी द्यायचं.' उत्तर आलं की वही बघून तुमच्याकडे पोचवतो.

वहीची पानं मात्र मोजकी. हजारो लोकांच्या लाखो नोंदी. म्हणून बराच वेळ हालचाल न झालेली नोंद तो खोडून टाकतो. याबाबतीत २००८ सालची एक शिफारस आहे की चालू जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटं तरी ठेवावी. शिफारस कागदावर आहे, मुनीम त्याच्या वहीवर. आणि खरी गंमत म्हणजे नोंद खोडल्याचं तो कुणालाच सांगत नाही. तुम्हालाही नाही, सर्व्हरलाही नाही.

(तुम्ही अशा मुनीमामागे आहात का हे बघायचं असेल तर राऊटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्यांनी सुरू होत असेल तर आहात. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलाय. माझा तिथलाच निघाला.)

आता तुम्ही चहा पिऊन येता आणि एक अक्षर दाबता. त्या अक्षराचं पाकीट मुनीमाकडे जातं. वहीत नोंद नाही. एका जातीचा मुनीम पाकीट सरळ कचऱ्यात टाकतो. मग आपलं मशीन तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून, आणि लिनक्स असेल तर साधारण पंधरा मिनिटांनी हात टेकतं. तोवर तुम्ही ढिम्म स्क्रीनकडे बघताय. दुसऱ्या जातीचा मुनीम पाकिटावर नवा नंबर टाकून पुढे पाठवतो. सर्व्हर म्हणतो, हा नंबर कोण बुवा? मी ओळखत नाही, चालते व्हा. आणि तुमच्या स्क्रीनवर लगेच 'कनेक्शन रिसेट बाय पिअर' उमटतं. म्हणजे गोठणं आणि ताबडतोब हाकलून देणं, दोन्हींच्या मुळाशी खोडलेली एकच नोंद असू शकते.

या दुसऱ्या प्रकारात सर्व्हरने हाकललं ते नव्या नंबराच्या अनोळखी पाहुण्याला. जुन्या नंबराचे तुम्ही त्याच्याकडे अजून आदराने बसलेलेच आहात.

सेवाग्राम आश्रमात गेलात तर तिथे एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला दिसेल. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. त्या काळचा फोन म्हणजे खरोखरीची तार. बोलणं चालू असेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंतची तार तुमच्यासाठी अडवून ठेवलेली. एकाने रिसीव्हर ठेवला की एक्स्चेंजला कळतं, जोडणी सुटते. युनिक्सचं बालपण अशाच फोनवर गेलं. लोक मोडेमने फोन लावून लॉगिन करायचे, फोन ठेवला की सिस्टिम त्यांच्या सगळ्या प्रोग्रामांना 'हँगअप' नावाचा सिग्नल द्यायची, म्हणजे 'समोरच्याने फोन ठेवला, आवरा आता'. आजही एसएसएच तुटल्याचं सर्व्हरला कळलं की तुमच्या प्रोग्रामांना तोच सिग्नल जातो. 'नोहप' कमांड त्याच्याचसाठी आहे, फोन ठेवला तरी आवरू नकोस असं प्रोग्रामला बजावायला.

पण कळलं तर ना! इंटरनेटच्या जोडणीत अडवून ठेवलेली तार नसतेच. दोन टोकांच्या दोन मशीनांनी आपापल्या मेमरीत ठेवलेली आठवण, एवढीच ती जोडणी. मध्ये काही नाही. तुम्ही बोलत नाही, सर्व्हरही बोलत नाही, तर तारेवरून एक बिटही जात नाही आणि तरीही जोडणी दोन्हीकडे 'चालू' असते. केबल उपटा, तासाभराने परत लावा, आणि मधला मुनीम नसेल, पत्ता बदलला नसेल, तर पूर्वीचं सेशन जिथे होतं तिथून चालू होतं. करून बघा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो चमत्कार वाटला होता.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे भूत. तुम्ही गोठलेली खिडकी बंद करता तेव्हा तुमचं मशीन सर्व्हरला 'येतो हं' असं पाकीट पाठवतंच. पण तेही त्याच मुनीमाकडे जातं आणि त्याच कचऱ्यात पडतं. सर्व्हरला निरोप पोचत नाही, तो वाट बघत बसतो. आम्हा आर्वीकरांना हे समजायला सोपं जातं. पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी बंद झाली तरी रूळ कितीतरी वर्षं जागच्या जागी होते. गाडी येणार नाही हे रुळांना कोण सांगणार?

सर्व्हर किती वेळ वाट बघतो? इथे मजेशीर प्रकार आहे. भुताच्या खिडकीत 'टॉप'सारखं सारखं काहीतरी छापणारं चालू असेल तर सर्व्हरची पाकिटं पोचपावतीविना अडकतात आणि तोही पंधरा मिनिटांत समजून चुकतो. पण भूत शांत बसलेलं असेल तर सर्व्हरला काही पाठवायचंच नाही, मग कळणार कसं? तेव्हा कर्नल शेवटच्या हालचालीपासून २ तास थांबतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने 'आहात का?' असं नऊ वेळा विचारतो, आणि मगच सोडतो. एकूण २ तास ११ मिनिटं आणि १५ सेकंद. दोन तास का? तर १९८९ सालच्या एका इंटरनेट मानकात लिहिलंय की असली विचारणा करायचीच झाली तर ती दोन तासांच्या आत करू नका. त्यांची कारणं वाचण्यासारखी आहेत. घडीभर लाईन गेली तर धडधाकट जोडणी उगीच मारली जाईल, रिकामी वाहतूक वाढेल, आणि काही ठिकाणी पाकिटागणिक पैसे पडतात. त्या काळी बरोबरच होतं. आज हिंगणघाटच्या कापसाच्या मोसमात दोन तास म्हणजे काय, ते आता सांगतो.

माझा आतेभाऊ हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगचा हिशेब आणि कॉम्प्युटर बघतो. काट्यावर गाडीचं वजन झालं, रिकाम्या गाडीचं झालं, ओलाव्याची कपात लागली, भाव लागला की त्यांच्या प्रोग्राममध्ये चुकारा तयार होतो. (चुकारा म्हणजे शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे. विदर्भात हा शब्द थट्टेने उच्चारायचा नसतो.) प्रोग्राम आणि पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर आहे. २०२३च्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी ११ वाजून ३६ मिनिटांनी त्याचा फोन. "दादा, चुकाऱ्याचा प्रोग्राम अटकून रायला. दोन डाव बंद करून चालू केला. गाड्या उभ्या आहे अन् लोकं पैशासाठी बसून आहे."

मागे गलका ऐकू येत होता. एक आजोबा समुद्रपूरकडून पहाटे निघालेले, मुलीच्या हॉस्पिटलचं बिल भरायला दुपारपर्यंत वर्ध्याला पोचायचं म्हणत होते. हे मला नंतर कळलं.

मी सर्व्हरवर शिरलो. मशीन मजेत, डिस्क रिकामी, डेटाबेस चालू. 'डब्ल्यू' मारलं तर आतेभाऊ यादीत दोनदा. एका ओळीवर आत्ताचा, दुसरीवर २६ मिनिटं गप्प असलेला. डेटाबेसमध्ये कोण काय करतंय याचा तक्ता काढला, तिथे ते दुसरं सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', आणि त्याच्यामागे तीन जण रांगेत खोळंबलेले. चित्र लगेच स्पष्ट झालं. दोन गाड्यांच्या ओलाव्याची कपात चुकीची पडली होती. ती दुरुस्त करायला त्याने हॉटस्पॉटवरून लॉगिन करून डेटाबेस उघडला, ट्रान्झॅक्शन सुरू केलं, कपात बदलली, आणि कायम करण्याआधी शहाण्या माणसासारखा खात्री करायला काट्यावर गेला. तिथे पंधरा-वीस मिनिटं मोडली. तेवढ्यात मुनीमाने नोंद खोडली. परत आला तर खिडकी गोठलेली. लॅपटॉप बंद करून चालू केला, नवीन लॉगिन केलं, तीच दुरुस्ती पुन्हा टाकली, ती अडकली. चुकाऱ्याचा प्रोग्राम त्याच नोंदींवर रक्कम लिहायला गेला, तोही अडकला. कारण त्या नोंदींना कुलूप होतं आणि किल्ली भुताच्या कमरेला.

त्याला सांगितलं की तुझं जुनं सेशन अजून उघडं आहे. त्यावर तो जे म्हणाला ते मी विसरलो नाहीये. "दादा, मी तर बाहेर आहो. लॅपटॉप बंद केला ना मी. मंग आत कोन बसून आहे?"

एवढ्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेला नाही. आत कुणीच नव्हतं. एक शेल होतं, त्यात डेटाबेसचा प्रोग्राम होता, दोघंही पुढच्या अक्षराची वाट बघत होते आणि त्यांना अक्षर देणारा लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालूही झाला होता. 'एसएस' कमांडला टायमर दाखवायला सांगितलं तर त्या जोडणीपुढे लिहिलेलं, कीपअलाइव्ह ९४ मिनिटं. म्हणजे कर्नल आणखी दीड तासाने पहिल्यांदा विचारणार होता, 'आहात का?' त्यानंतर अकरा मिनिटं नऊ हाका. आम्ही काहीच केलं नसतं तर कुलूप १ वाजून २१ मिनिटांनी आपोआप निघालं असतं, आणि तोवर सगळ्यांनी नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडली असती.

भूत मारायला एक कमांड लागते, पण त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आपण भलत्यालाच मारत नाही ना. 'टीटीवाय' कमांड आपला स्वतःचा नंबर सांगते, तो सोडून दुसरा मारायचा. दुसरी जास्त महत्त्वाची. सेशन मेलं की त्यातलं अर्धवट काम पुसलं जाणार. म्हणून विचारलं, "तिथं काय काय टाकलं होतं? परत टाकता येईल?" "हो ना, दोनच लायनी होत्या. कागदावर लिहून आहे." कागदावर लिहून आहे! जिनिंगमधल्या माणसांची ही सवय मला फार आवडते. मग त्या सेशनची एसएसएचडी प्रोसेस किल केली. हँगअप सिग्नल शेलला, त्यातल्या डेटाबेस प्रोग्रामला गेला, तो मेला, डेटाबेसने अर्धवट दुरुस्ती मागे घेतली, कुलूप निघालं, आणि मागे खोळंबलेले तिन्ही जण क्षणात मोकळे झाले. आतेभावाची अडकलेली दुसरी दुरुस्तीही तेव्हाच लागली, त्यामुळे कागद बघून फक्त ताडून घेतलं. फोनवरून प्रिंटरचा आवाज आला. ११ वाजून ५२ मिनिटं.

आजोबांना बाराची बस मिळाली म्हणे.

तर आता औषधं. सगळ्यात ओळखीचं म्हणजे आपल्या लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' लावणं. मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद. ६० केली तर सर्व्हरकडून मिनिटभर काही आलं नाही की आपला लॅपटॉप 'आहात का?' विचारतो, सर्व्हर 'आहे' म्हणतो. जुन्या ट्रंक कॉलवर दर तीन मिनिटांनी ऑपरेटरबाई मध्ये बोलायच्या ना, तसंच. (आठवत नसेल तर आजोबांना विचारा.) या बोलण्यामुळे मुनीमाच्या वहीतली नोंद ताजी राहते. आर्वीतलं माझं गोठणं या एका ओळीने बंद झालं, रविवार वसूल.

पण लोक इथेच थांबतात आणि आंतरजालावर सापडलेली १५ सेकंदांची ओळ चिकटवतात. आता हिशेब करा. १५ सेकंदांनी विचारणा, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तीन वेळा उत्तर आलं नाही की तोडायचं. म्हणजे ४५ सेकंद. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर कुंथत चालू होतो, राऊटर पुन्हा उभा राहायला दोन मिनिटं घेतो. आधीचं सेशन कदाचित ही दोन मिनिटं झेलून गेलं असतं, पण आता तुम्हीच ते ४५ सेकंदांत मारलंत. १९८९च्या त्या मानकातलं पहिलं कारण हेच होतं, धडधाकट जोडणी उगीच मारली जाईल! म्हणून मी ३० सेकंद आणि दहा वेळा ठेवतो. पाच मिनिटांचा धीर, आणि मुनीमापुरतं तीस सेकंदांचं बोलणं. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, मोजून ठरवा.

भुतांसाठी सर्व्हरच्या बाजूला तशीच ओळ असते, 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल'. तीही मुळात बंद. हिंगणघाटच्या सर्व्हरवर ६० सेकंद आणि पाच वेळा केली, त्यामुळे आता गेलेला माणूस पाच-सहा मिनिटांत गेलेला मानला जातो. कर्नलच्या विचारणेपेक्षा ही बरी, कारण ही एसएसएचच्या कुलूपबंद मार्गातूनच जाते, मधला कुणी खोटं 'आहे' म्हणू शकत नाही.

मग तुटलं तर काम जाऊ नये म्हणून 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'. शेल त्यांच्या पोटात चालतं, फोन ठेवला तरी हँगअप आतपर्यंत पोचत नाही, पुन्हा येऊन जोडून घ्यायचं. 'स्क्रीन' १९८७पासून आहे. लांबलचक कामं, बॅकअप, कंपायलेशन यांच्यासाठी याच्याशिवाय सर्व्हरवर पाय ठेवू नये असं माझं मत. आतेभावाने हे ऐकलं आणि म्हणाला, मग डेटाबेसची दुरुस्तीपण टीमक्समधेच करत जातो. नको! नेमकं तिथेच नको. टीमक्समध्ये कुलूप लावून तुटलास तर आता दोन तासही नाहीत, कुलूप पोळ्यापर्यंत तसंच राहील. डेटाबेसच्या दुरुस्तीसाठी लाईन तुटल्यावर सेशन मेलेलंच बरं, कारण अर्धवट हिशेब पुसला जाणं हाच तिथला न्याय आहे. त्याला डेटाबेसमध्येच वेगळी मुदत घालून दिली. पोस्टग्रेसमध्ये २०१६च्या ९.६ आवृत्तीपासून ही सोय आहे, ट्रान्झॅक्शन उघडं टाकून पाच मिनिटं गप्प बसलास की डेटाबेस स्वतःच बाहेर काढतो. पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर काढलं त्याला. चिडला होता.

शेवटचं औषध 'मॉश'. एमआयटीच्या कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ साली काढलं. लॉगिन एसएसएचनेच होतं, पण नंतरचं बोलणं जोडणी न ठेवता सुट्या यूडीपी पाकिटांतून. घरच्या वायफायवरून निघा, समृद्धी महामार्गावर मोबाईलवर चालू ठेवा, पत्ता दहा वेळा बदलू द्या, सेशन मागे मागे येतं. लॅपटॉप झाकून दुसऱ्या दिवशी उघडला तरी तिथेच. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधले काही पोर्ट उघडावे लागतात, त्यावर काही ऑफिसं नाकं मुरडतात, तेवढंच. गावाकडून काम करणाऱ्याने एकदा वापरावंच.

पण तुटत नाही याचा अर्थ सर्व्हरवरचा मॉशचा भाग मुळात गृहीतच धरतो की तुम्ही कधीतरी याल. तो कायम थांबतो. दोन तास वगैरे काही नाही. लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर त्या सेशनची किल्ली लॅपटॉपच्या मेमरीबरोबर गेली, तुम्हाला तिथे परत जाताच येत नाही, आणि तरी तो थांबलेलाच. पुढच्या लॉगिनला मॉश तुम्हाला सांगतं की तुमचं एक सुटलेलं सेशन इथे आहे, हा त्याचा नंबर. मुदत घालायची असेल तर 'मॉश सर्व्हर नेटवर्क टाइमआउट' असा एक पर्यावरण चल असतो, त्यात सेकंद लिहायचे. मी आठवड्याचे लिहितो.

हिंगणघाटच्या सर्व्हरवर ते लिहायच्या आधी एकदा यादी काढली होती, तर आतेभावाच्या नावाने मॉशचं एक सेशन ४१ दिवस थांबलेलं. फोन करून विचारलं, हे चालू आहे का रे?

"कोनतं? जुन्या लॅपटॉपचं असंन दादा. तो तं विकला ना मी."

किल केलं.